दऱ्यांचा झाला दर्या

"अरे, माझ्या कवितेत समुद्र कुठून आला?"

काकांचा फोन, तोही सकाळी साडेसातला. काका म्हणजे वडिलांचे जुने स्नेही. वृत्तात लिहितात, मुक्तछंदाचं नाव काढलं की नाक मुरडतात, आणि निवृत्तीनंतर सगळ्या वह्या स्वतःच्या हाताने टंकून काढायचा पण करून बसलेत. त्यांच्यासाठी मी एक साधंसं पान बनवून दिलं होतं. त्यात कविता टंकायची, 'जतन करा' दाबायचं, संपलं. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात हा समुद्र. ओळ होती 'दऱ्या निळ्या, धुके निळे' आणि पडद्यावर दिसत होतं 'दर्या निळ्या, धुके निळे'. "दर्या पुल्लिंगी," काका म्हणाले, "तो निळ्या कसा होईल? आणि ते सोड. माझी एक मात्रा वाढली त्याचं काय?" मी आधी सवयीने फाँटवर ढकललं. तर म्हणाले, "मलाही तेच वाटलं होतं. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' दिसत होतं, 'पायऱ्या'चं 'पायर्या'. म्हटलं, असेल तुमच्या यंत्राची काही तऱ्हा. पण समुद्र म्हणजे जरा अतिच झालं."

फाँटचा काहीही दोष नव्हता. दोष माझ्या एका ओळीचा होता, आणि ती लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. इकडून तिकडून उचलून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी, शून्य रुंदीची चिन्हं येतात आणि मग शोध चालत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात, त्यांचे क्रमांक २००बी, २००सी, २००डी असे ओळीने आहेत. जतन करताना मी ती सरसकट झाडून टाकत होतो. कचरा म्हणजे कचरा. त्यातलं २००डी म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, जोडणारं शून्य. मराठीतला तो आडवा झोपलेला अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेने ऱ हे वेगळं अक्षर घ्यायचं, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. दुसऱ्या वाटेने साधा र, पायमोड, मग हे जोडणारं शून्य, मग य. कोणत्या वाटेने जायचं ते कळफलक ठरवतो, टंकणाऱ्याला पत्ताही नसतो. काकांचा कळफलक दुसऱ्या वाटेने जाणारा. त्यातलं शून्य मी झाडून टाकलं, उरला र, पायमोड आणि य. त्यांचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या झाला.

फोन ठेवला आणि त्या एका मात्रेने डोकं धरलं. काका बोटांवर मोजतात. 'दऱ्या'तला द लघु, कारण त्या अर्ध्या र चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही. एक आणि दोन, तीन मात्रा. 'दर्या'तला द गुरू, रफार त्याला धक्का देतो. दोन आणि दोन, चार. आता हेच मी संगणकाला विचारलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ऱ वापरून लिहिलेल्या 'दऱ्या'ची लांबी पाच: द, ऱ, पायमोड, य, काना. काकांच्या वाटेने लिहिलेल्या 'दऱ्या'ची सहा. आणि समुद्राची? पाच. म्हणजे डोळ्यांना तंतोतंत एक दिसणाऱ्या शब्दाच्या लांब्या दोन, आणि अर्थाने, उच्चाराने, वजनाने वेगळ्या असलेल्या दोन शब्दांची लांबी एक. दोन्ही 'दऱ्या' शेजारी ठेवून 'सारखे आहेत का' विचारलं, तर उत्तर आलं: नाहीत.

प्रोग्राममध्ये मजकूर ठेवतात त्याला स्ट्रिंग म्हणतात. इतकी वर्षं मी स्ट्रिंग हाताळतोय. स्ट्रिंग म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं नाही म्हणून मीही कधी विचारलं नाही.

सी ही भाषा शिकलो तेव्हा स्ट्रिंग म्हणजे बाइटची, आठ-आठ बिटांच्या घरांची, रांग होती आणि रांगेच्या शेवटी एक शून्य. सीला शब्दाची लांबी ठाऊक नसते. ती पहिल्या बाइटपासून चालायला लागते आणि शून्य लागेपर्यंत थांबत नाही. शून्य ठेवायचं काम आपलं. एकदा मी नावाला वीस घरं दिली होती, लगेच पुढची वीस गावाला. 'सुरक्षित' म्हणून शिकवलेली, मोजून नक्कल करणारी ती आज्ञा वापरली, स्ट्रएनकॉपी. एका विद्यार्थ्याचं नाव नेमकं वीस अक्षरांचं निघालं. घरं भरली, शून्याला जागाच उरली नाही, आणि ही आज्ञा अशा वेळी शून्य न ठेवताच निघून जाते. यादी छापली तर त्याच्या नावाला त्याचं गाव चिकटलेलं. मी तासभर छापणाऱ्या ओळीकडे बघत बसलो होतो. वाचणाऱ्याला 'थांब' म्हणायला कुणी नसलं की तो शेजारच्या घरातलंही वाचून दाखवतो, हे तेव्हा कळलं. माझं गाव चिकटण्यावर निभावलं. १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक वाट याच जातीची होती. ५१२ बाइटच्या जागेत ५३६ बाइट ओतले, आणि ओतून घेणाऱ्या 'गेट्स' नावाच्या आज्ञेने जागा किती आहे हे विचारलंच नाही. ती आज्ञा भाषेतून काढून टाकायला २०११ चं मानक यावं लागलं.

पास्कलच्या जुन्या अवतारांत उलटी रीत होती. लांबी आधीच पहिल्या बाइटात लिहून ठेवायची. मोजायला चालत जावं लागत नाही, पण एका बाइटात २५५ च्या वर आकडा मावत नाही, म्हणून शब्दही तेवढाच. त्याहून जुनी फोरट्रान तर लांबी माणसाकडूनच मोजून घ्यायची. आधी आकडा, मग एच, मग तितकी अक्षरं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून ऐकलंय, की एक अक्षर जास्त मोजलं तर पुढचा स्वल्पविरामही मजकुरात गिळला जायचा, आणि मग तो शोधत बसायचं. ते सांगताना त्यांचा अंगठा आपोआप पेरांवर फिरत होता. काकांचा फिरतो तसाच.

जावा आली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. शून्याची काळजी नाही, शब्द स्वतःची लांबी बाळगून, आणि एकदा तयार झालेला शब्द बदलता येत नाही. बदलायचा म्हटलं की नवा मिळतो. मी लूपमध्ये दहा हजार तुकडे एकमेकांना जोडत बसलो आणि प्रत्येक फेरीला जुना सगळा मजकूर नव्याने उतरवला जात होता, हे ध्यानात यायला एक अख्खी दुपार गेली. पण जावाने खरं छळलं ते सारखेपणावरून. दोन बरोबर चिन्हं लावली की ती 'शब्द एकच आहेत का' हे विचारत नाहीत, 'डबा एकच आहे का' हे विचारतात. त्यातला खोडसाळपणा असा, की कोडमध्येच लिहिलेले दोन सारखे शब्द ती एकाच डब्यात ठेवते, म्हणून घरी तपासताना उत्तर बरोबर येतं. वापरणाऱ्याने टंकलेला शब्द वेगळ्या डब्यात जातो आणि तेव्हा उत्तर चुकतं. शब्दाला शब्द ताडून बघायचा तर वेगळ्या नावाची आज्ञा वापरावी लागते. मला हे अजून पटलेलं नाही. सारखेपणाचं सगळ्यांत सोपं चिन्ह त्यांनी सगळ्यांत क्वचित लागणाऱ्या प्रश्नाला देऊन टाकलं.

जावाने आणखी एक पैज लावली होती. १९९१ ला पहिलं युनिकोड आलं तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्या सोळा बिटांत, ६५,५३६ जागांत बसतील असा हिशोब होता. जावाने अक्षराला सोळा बिट दिले आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली. त्याच वर्षी जुलैत युनिकोड २.० आलं आणि म्हणालं, जागा पुरणार नाही, काही अक्षरांना दोन-दोन घरं लागतील. जावास्क्रिप्टही त्याच बोटीत. आपली देवनागरी पहिल्या ६५,५३६ मध्येच असल्याने आपल्याला या भानगडीची झळ लागली नाही. ती पोचली हसऱ्या चेहऱ्यांमुळे. जावास्क्रिप्टला एका चेहऱ्याची लांबी विचारली तर ती दोन सांगते.

देवनागरीची झळ मला लागली ती पायथन २ मध्ये. 'ॲस्की कोडेकला शून्यव्या जागेवरचा ई-शून्य हा बाइट उलगडता येत नाही.' ॲस्की म्हणजे इंग्रजीपुरतं जुनं कोष्टक. ही ओळ मी इतक्यांदा पाहिली की ई-शून्य हे एखाद्या खडूस शेजाऱ्याचं नाव वाटायला लागलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटांत उतरवायच्या रीतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि पहिला बाइट कायम हाच, म्हणून कोणताही मराठी मजकूर पहिल्याच पावलाला ठेचकाळायचा. पायथन २ मध्ये बाइटची रांग आणि अक्षरांची रांग हे दोन प्रकार होते, पण ते एकमेकांत बिनबोभाट मिसळायचे. इंग्रजी मजकूर असेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही, पहिला काना आला की सगळं कोसळायचं. आम्ही मग कुठे एनकोड, कुठे डिकोड असं शिंपडत बसायचो, चव लागेपर्यंत. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ ने ही सरमिसळ बंद केली. बाइट वेगळे, मजकूर वेगळा, मिसळायचे असतील तर तोंडाने सांगा. लोकांनी बोटं मोडली, जुनी आवृत्ती १ जानेवारी २०२० पर्यंत चालवावी लागली. मी मोजक्या खूश लोकांत होतो.

खूश होतो, पण नंतर एकदा 'नवजीवन' उलटा केला.

पायथनमध्ये शब्द उलटा करणं म्हणजे चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक. शिकवताना टाळी घेणारी ओळ. 'कडक' उलटा केला, 'कडक' आला. 'सरस' आला. 'नवजीवन' उलटून काढला तर आला 'नवीजवन'. ज वरची वेलांटी उडून व वर बसली होती. पायथनच्या लेखी वेलांटी हे ज चं अंग नव्हे, रांगेत ज च्या मागे उभा असलेला एक स्वतंत्र इसम. रांग उलटली की तो व च्या मागे. 'कविता' उलटा केला तर आरंभीच एक काना, टेकायला अक्षर नाही म्हणून ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून लोंबकळणारा. नुसतं ठिपक्यांचं वर्तुळ आणि शेजारी काना. मला त्याची कीव आली होती, खोटं कशाला बोलू. मग लहानपणापासून पाठ असलेलं 'रामाला भाला मारा' दिलं. उलट वाचलं तरी तेच, हे पोर सांगेल. मधल्या जागा काढून टाकल्या, तपासायला लावलं. पायथन म्हणालं, नाही. जावा, जावास्क्रिप्ट, दोघींचंही नाही.

स्विफ्ट म्हणाली, हो. २०१४ मध्ये आलेल्या या भाषेने ठरवलं, की अक्षर म्हणजे वाचणाऱ्याला जे एक वाटतं ते. म्हणून रा हे एक, ला हे एक. याची किंमत ती वसूल करते. 'पाचवं अक्षर दे' असं साधा आकडा देऊन विचारता येत नाही. सुरुवातीपासून चालत जा, म्हणते, वाटेत कुठे काय जोडलंय ते बघत. पहिले काही दिवस मी चिडलो होतो, एका अक्षरासाठी एवढा सोपस्कार! नंतर वाटलं, निदान ती खोटं तरी बोलत नाही. एलिक्झिरही लांबी मोजताना असंच मोजते. रस्टचा स्वभाव वेगळा. ती बाइटच मोजते, 'दऱ्या'ला पंधरा सांगते, आणि मी पहिला एक बाइट कापायला गेलो तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पाडून सांगते, की ही जागा अक्षराच्या सीमेवर नाही, द च्या आत आहे, द शून्यापासून तीनपर्यंत पसरलाय. हे रागावणं मला आवडतं. गो तशी रागावत नाही, खुशाल मधूनच कापू देते. पण लूप फिरवला की शून्य, तीन, सहा अशा टांगा टाकत चालते, त्यावरून समजायचं ते आपण समजायचं. यूटीएफ-८ ची मांडणी १९९२ च्या सप्टेंबरात केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर केली, समोर रॉब पाइक होते. पुढे गो घडवणाऱ्या तिघांत हे दोघे. आपल्या पोराला आपलंच नाव असल्यासारखी ती बाइटशी सहज वागते.

रस्टच्या अधिकृत पुस्तकात यावर एक प्रकरण आहे आणि उदाहरणाला चक्क 'नमस्ते' घेतलाय. अठरा बाइट, सहा चिन्हं, आणि माणसाच्या नजरेने चार अक्षरं: न, म, स्, ते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो होतो. चार? शब्दकोड्यात 'नमस्ते'ला तीनच घरं लागतात. पाय मोडलेला स वेगळ्या घरात टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण चूक पुस्तकाची नव्हती, युनिकोडचा नियमच पायमोडीपाशी तुकडा पाडायचा. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत तो बदलला, आणि देवनागरीसकट काही लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र राहू लागली. आता 'नमस्ते' तीन आणि 'दऱ्या' दोन, शब्दकोड्याप्रमाणे. बत्तीस वर्षं लागली. आणि ज्याने नव्या नियमांचा संच अजून घेतलेला नाही, तो आजही चारच मोजतो. एकाच भाषेत, एकाच शब्दाला, आवृत्तीगणिक वेगळं उत्तर.

या सगळ्यांत मी मोठ्या आशेने काकांच्या दोन 'दऱ्या' स्विफ्टपुढे ठेवल्या होत्या. ती सारखेपणा तपासतानाही उदार असते. ऱ एकसंध लिहिला काय किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, असा फोडून लिहिला काय, तिला दोन्ही एकच. पण र, पायमोड आणि जोडणारं शून्य? नाही म्हणाली. युनिकोडच्या समानतेच्या कोष्टकात ही जोडी नाहीच. मोजायला दोन्ही दोन-दोन अक्षरं, दिसायला एक, आणि तरी वेगळे शब्द. त्या शून्याचा पिच्छा पुरवताना आणखी एक सापडलं. आई-बाबा-मुलगी-मुलगा असं चौघांचं कुटुंब एका चित्रात दाखवणारं चिन्ह असतं ना, तेही चार वेगळी माणसं आणि मध्ये तीन वेळा हेच जोडणारं शून्य मिळून बनतं. रस्टला ते पंचवीस दिसतं, जावास्क्रिप्टला अकरा, पायथनला सात, स्विफ्टला एक. म्हणजे माझ्या त्या कौतुकाच्या ओळीतून एखादं कुटुंब गेलं असतं तर चौघं सुटे सुटे होऊन बाहेर पडले असते. काका सुदैवाने चित्रं वापरत नाहीत.

दुरुस्ती करायला बसलो. नवीन मजकुरासाठी सोपं होतं, शून्य झाडण्याआधी र-पायमोड-शून्य या तिघांच्या जागी ऱ-पायमोड ठेवायचं. जुन्याचं काय? काका थेट पानावर टंकत होते, साफसफाई जतन करतानाच होत होती, त्यामुळे मूळ प्रत नावाची गोष्टच नव्हती. 'वार्यावर' असा शब्द मराठीत नाही, 'पायर्या' नाही, 'तर्हा' नाही. ते यंत्राने शोधून बदलले. त्याच झपाट्यात 'दर्या'चंही सगळीकडे 'दऱ्या' केलं, सतरा ठिकाणी, आणि काकांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसात.

"आता समुद्र कुठे गेला?"

त्यांच्या एका दीर्घकवितेत खराखुरा दर्या होता. कोळ्याच्या तोंडी, गाजणारा. मी त्याच्या दऱ्या करून टाकल्या होत्या. त्यांच्याकडे वह्या होत्या, माझ्याकडे सतरा ओळींची यादी. फोन कानाला लावून बसलो. मी ओळ वाचायची, त्यांनी वही उघडायची. वहीकडे बघायचीही गरज नसावी, कारण पानं पलटण्याचा आवाज उत्तरानंतर यायचा. मी ओळ म्हणत असताना पलीकडून काहीतरी टेबलावर हलकेच टकटकत होतं, बोट असणार.

"ही दरी," काका म्हणाले. "पुढे. ही पण दरी. पुढे. थांब, परत म्हण." मी परत म्हटली. टक, टक-टक.

"हा समुद्र."